प्रॅक्टिस बोर्डावरचा गुडघा

सदाशिव पेठ, पुणे
१२ जानेवारी २००४

प्रिय वासंती,

जयभीम. तू नेहमीप्रमाणे नमस्कार म्हण, दोन्ही पोचतात.

फोन सोडून पत्र का, हे तू तरी विचारणार नाहीस. चौतीस वर्षं आपण दोघी पुण्याच्या ट्रंक बोर्डावर शेजारी-शेजारी बसून लोकांचे फोन जोडले. निवृत्तीला सात वर्षं होतील, तरी रिसीव्हर कानाला लावला की माझी पाठ ताठ होते आणि "नंबर प्लीज" तोंडातून निघायच्या बेतात असतं. त्यापेक्षा पत्र बरं. सांगलीला तीन दिवसांत पोचतं आणि बोलणं मध्येच कोणी तोडत नाही.

बातमी अशी की माझा उजवा गुडघा संपला. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, आजी. बदलूनच टाकू." डाव्याची पाळी नंतर. ऑपरेशन पाच मार्चला.

तक्रार ऑपरेशनबद्दल नाही. या दवाखान्याने एक नवीन टूम काढली आहे. ऑपरेशनच्या आधी चार मंगळवार तयारीच्या वर्गाला जायचं. कसली तयारी, तर मनाची! कल्याणी नावाची एक मानसतज्ज्ञ मुलगी तो घेते. मी तिला म्हटलं, "बाई, बिघाड गुडघ्यात आहे. वरचा मजला शाबूत आहे." ती हसली आणि वेळापत्रक हातात ठेवलं.

आता खरं सांगते. रोहनने वारजेला लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेतलंय. त्याचं म्हणणं, "आई, तुझा तिसरा मजला, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. ऑपरेशननंतर कायमची आमच्याकडे ये, हे घर विद्यार्थ्यांना भाड्याने देऊ." सूनबाई दीपमाला गुणी आहे, तिच्याबद्दल शब्द नाही. पण हे घर कसं मिळालं ते तुला ठाऊक आहे. पेठेत तीन ठिकाणी खोली रिकामी होती आणि 'गजभिये' हे आडनाव ऐकल्याबरोबर ती भरली. शेवटी एकोणऐंशी साली विकतच घेतलं, तर त्यावर सोसायटीची मीटिंग भरली. तू माझ्यासोबत आली होतीस आणि सगळा वेळ मागे बसून विणकाम करत त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होतीस. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. एका गुडघ्यापायी ती मी उतरवणार नाही.

तेव्हा रोहनशी करार केलाय. तीन महिन्यांत, म्हणजे पाच जूनपर्यंत, मी चोपन्न पायऱ्या स्वतः चढले तर त्याने हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर मी मुकाट्याने वारजेला.

तुझं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. त्यावर तू एक कार्ड टाकलंस, "झालं, बरी आहे." तार केल्यासारखं! आता नीट लिही. किती दुखलं? कधी चाललीस? आणि हा वर्ग करू की टांग मारू?

तुझी,
सत्यशीला


सांगली
२१ जानेवारी २००४

प्रिय शीला,

नमस्कार आणि तुझा जयभीमही पोचला.

अगं, एवढं काय मनावर घेतेस? काही नसतं त्यात. दाढ काढण्यासारखं. तीन-चार दिवस ठणका, मग आपलं आपण सुरळीत होतं. मला कोणी वर्गबिर्ग घेतला नाही. डोळे मिटले, गणपतीचं नाव घेतलं, उघडले तेव्हा नवा गुडघा. तू बाबासाहेबांचं नाव घे, तेही काही कमी नाहीत. त्या मुलीच्या नादी लागू नकोस. भलतंसलतं सांगून घाबरवतात आणि मग आपण उगाच सगळीकडे दुखणं शोधत बसतो.

मी छान हिंडतेफिरते. रोज मंडईपर्यंत जाऊन येते. शंभूने मला वरच्या मजल्यावर उजेडाची खोली दिली आहे. सूनबाई श्रद्धा सगळं हातात आणून देते. परवा मात्र तिने इतकी जून मेथी आणली की विचारू नकोस. आजकालच्या मुलींना भाजी निवडून घेता येत नाही.

रोहनचं म्हणशील तर त्याचा जीव तुटतो म्हणून तो बोलतो. हट्ट किती करायचा, यालाही वय असतं.

तुझी,
वासंती


सदाशिव पेठ, पुणे
११ फेब्रुवारी २००४

प्रिय वासंती,

तुझं पत्र वाचून वर्गाला टांग मारायचं मी ठरवलंच होतं. पण रोहनने मला रिक्षात घालून दाराशी सोडलं आणि वर जाते का हे बघत तो खाली उभा राहिला. त्याच्या हिंजवडीच्या कंपनीत माणसांवर अशीच नजर ठेवतात म्हणे.

कँटीनशेजारच्या खोलीत आम्ही सहा जण. त्यात तात्याराव नावाचे एक गृहस्थ, मार्केट यार्डात चाळीस वर्षं हमाली केलेले. कल्याणीने प्रत्येकाला विचारलं, भीती कशाची वाटते? तात्याराव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आमी शंभर किलूचं पोतं पाठीवर घेऊन पळलोय, बाई. गुडघ्याला काय भ्यायचं?" मी म्हटलं, मला भीती नाही, राग येतो. ती म्हणाली, "चालेल, राग पण लिहून घेते."

मग तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी उभं करतील. गुडघा वाकवायला लावतील तेव्हा असं दुखेल की काहीतरी आत तुटलं असं वाटेल. काही तुटलेलं नसतं. पाय सुजेल, गरम लागेल. आणि सहाव्या आठवड्याच्या सुमाराला, जेव्हा भेटायला येणारे थांबतील आणि सगळ्यांना तुम्ही बऱ्या झालात असं वाटेल, तेव्हा मन बसेल.

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "माणसं आधीच घाबरलेली आहेत, त्यांना अजून कशाला घाबरवता? माझी मैत्रीण कसलाही वर्ग न करता रोज मंडईपर्यंत जाऊन येते!" ती म्हणाली, "छानच आहे. पण दुखणार हे माहीत असलं की माणूस ते सोसतो. माहीत नसलं की त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो पाय हलवायचं सोडतो. पाय हलला नाही तर तो आखडतो."

तेवढ्यात मला एकदम आपलं ट्रेनिंग आठवलं, वासंती. त्रेसष्ट सालचं. खऱ्या बोर्डाला हात लावायच्या आधी पंधरा दिवस प्रॅक्टिस बोर्डावर बसवलं होतं ना? वायरी कुठेच जोडलेल्या नाहीत आणि मागून ते रंगराव मास्तर चिडलेला व्यापारी होऊन आपल्यावर ओरडतायत. तू पहिल्या दिवशी रडलीस, मी तिसऱ्या. पण खऱ्या बोर्डावर पहिली शिवी आली तेव्हा दोघींचा आवाज हलला नाही. ही मुलगी तेच करते आहे. एवढं कळल्यावर मी वही काढली.

आता घरात वॉकर आणून सराव करते. तात्यारावांनी काल शेवटी तोंड उघडलं. "बायकू उचलून मोरीत न्हेणार म्हनं. तिनं उचलल्यालं मला चालायचं न्हाई," म्हणाले आणि डोळे पुसले. कोणी हसलं नाही.

कल्याणीने तुझ्याबद्दल एक विचारलंय. सहा महिन्यांनी तुझा गुडघा किती वाकतो? ऑपरेशनवाले अंशांत मोजतात. कळव.

सत्यशीला


सांगली
१९ फेब्रुवारी २००४

प्रिय शीला,

वाकतो की, व्यवस्थित वाकतो. तुझ्या पुण्यातल्या वर्गाने सांगलीतला गुडघा कशाला मोजायचा? पेन्शनला अर्ज केलाय का मी?

रोहनचा मला फोन आला होता. त्याला मी सांगितलं, "तुझंच बरोबर आहे, रोहन." शीला, मी इथे शंभूकडे राहतेच ना? काय बिघडलं? स्वतःचं घर, स्वतःचं घर, ठीक आहे. एका वयानंतर घर म्हणजे एक पलंग आणि एक खिडकी. उजेड यावा, चहा वेळेवर मिळावा. तुझी पाटी वारजेच्या दारावरही लावता येईल.

राग मानू नकोस. ऑपरेशनला शुभेच्छा.

वासंती


सदाशिव पेठ, पुणे
४ मार्च २००४

वासंती,

आज दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचंय, म्हणून थोडक्यात.

काल मी फोन केला. सात वर्षांत पहिल्यांदा. तू म्हणालीस, "हो, बोला, मी अगदी मजेत आहे." तो तुझा ड्युटीचा आवाज होता. बोर्ड जळत असला तरी गिऱ्हाइकाला "लाइन व्यवस्थित आहे, थोडं थांबा" म्हणणारा. मी चौतीस वर्षं त्या आवाजाच्या शेजारी बसले आहे. पत्रात तो मला ऐकू आला नव्हता, एवढंच.

म्हणून तू फोन ठेवल्यावर मी पुन्हा लावला आणि श्रद्धाशी बोलले. ती भाबडी म्हणाली, "आई दिवाळीपासून खाली उतरलेल्याच नाहीत, मावशी."

मंडई! जून मेथी! रोज मंडईत जाणारी बाई सुनेला भाजी कशाला आणायला लावेल?

तू माझ्याशी खोटं बोललीस. मी तुझं ऐकून गेले असते तर काय झालं असतं, कळतंय का? दुसऱ्या दिवशी दुखलं असतं आणि मी म्हटलं असतं, वासंतीला दाढ काढल्यासारखं वाटलं, म्हणजे माझाच गुडघा बिघडला. मी पाय हलवला नसता. मग वारजे. मग एक पलंग आणि एक खिडकी.

राग घेऊन आत जाते आहे. बरंच आहे, जोर येईल.

सत्यशीला


सांगली
१६ मार्च २००४

शीला,

तू पहिल्यांदाच पत्रात 'प्रिय' लिहिलं नाहीस. मीही लिहीत नाही.

रोहनकडून कळलं, ऑपरेशन नीट झालं. आता ऐक.

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. सगळे म्हणाले, "काही काळजी करू नका, आजी." दुसऱ्या दिवशी त्या व्यायामवाल्या मुलाने पाय वाकवला आणि मला वाटलं, आतलं सगळं निखळलं. मी किंचाळले. त्याच्या हातावर फटका मारला. आख्ख्या वॉर्डाने पाहिलं. मग मी हात लावूच दिला नाही, दहा दिवस. शंभू म्हणाला, "राहू द्या हो, आईला त्रास होतो." सगळ्यांनी राहू दिलं. घरी आले तर पायाखाली उशी, चहा हातात, जेवण पलंगावर. इतक्या मायेने मला अपंग केलं या लोकांनी, आणि मी करू दिलं.

साठ अंश. त्याच्यापुढे वाकत नाही. काटकोनसुद्धा होत नाही.

तुला खरं लिहिलं असतं तर तू ऑपरेशनच केलं नसतंस, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. मला लाज वाटत होती. संपात फाटकासमोर आडवी पडलेली वासंती, पोलिसांनी उचललं तरी जिने तोंडातून हूं काढलं नाही, ती एका पोराने गुडघा वाकवला म्हणून किंचाळली. हे तुला कसं लिहू? आणि तुला वारजेला जा म्हणाले, कारण तूही माझ्यासारखीच पलंगावर बसलीस तर मी एकटी हरलेली राहिले नसते.

आता उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

वासंती


वारजे, पुणे
२६ एप्रिल २००४

प्रिय वासंती,

'प्रिय' परत आणलंय. शिव्या मनात देऊन झाल्या.

उशीर झाला, कारण बरंच काही होत होतं. करारात तीन महिने रोहनकडे राहायचं होतं, म्हणून इथून लिहिते. खिडकीतून नव्या इमारतींचे सांगाडे दिसतात. बघण्यासारखं एवढंच.

दुसऱ्या दिवशी मीही किंचाळले. हे आधी वाच. तुझ्यापेक्षा जोरातच असणार, रोहनला दाराबाहेर ऐकू गेलं. फरक एवढाच की किंचाळत असताना मला माहीत होतं, हे ते आहे, यादीतलं दोन नंबरचं. कल्याणीने वर्गात प्रत्येकाकडून एक वाक्य ठरवून घेतलं होतं, दुखणं टोकाला गेलं की म्हणायचं. तात्यारावांचं होतं, "थप्पी लावायची हाय अजून." माझं होतं, "कॉल चालू आहे, तोडू नका." मी ते त्या व्यायामवाल्या बाईंच्या तोंडावर ओरडले. त्या बिचाऱ्या दचकल्या. पण थांबल्या नाहीत.

सहाव्या आठवड्यात मन बसलं, अगदी सांगितल्याप्रमाणे. फोन बंद, पाहुणे बंद, रोहन आणि दीपमाला सकाळी कंपनीच्या बसने जातात ते अंधार पडल्यावर येतात. एक आख्खा दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुसऱ्या दिवशी त्या उदासपणाला म्हटलं, आलास का, ये, तुझ्या नावाची चिठ्ठी आधीच आली होती. आणि उठले. शूर वगैरे काही नाही, फक्त तो नवखा नव्हता.

ब्याण्णव अंश झालेत. दिवसाला आठ पायऱ्या चढते, मग डावा गुडघा संप पुकारतो. चढताना चांगला पाय आधी टाका म्हणतात. माझा चांगला कुठला? एक नवा, एक भंगार.

आता तुझं. कल्याणीला तुझं पत्र वाचून दाखवलं, क्षमा कर. ती म्हणाली, तुझ्यासारखी बरीच जणं असतात आणि सगळी लाजेने गप्प बसतात. किती उशीर झालाय ते तुझे डॉक्टरच सांगतील. साठाचे शंभर होतील असं मी म्हणणार नाही, तुला यापुढे कोणी गोड बोललेलं चालणार नाही. पण पंच्याहत्तर झाले तरी हाताचा टेकू घेऊन खुर्चीवरून स्वतः उठशील. मोरीत स्वतः जाशील. जा आणि विचार. आणि त्या व्यायामवाल्याला सांग, आधी सगळं सांगायचं, मग हात लावायचा.

तुला हरलेली सोबतीण हवी होती, ते समजलं. ती जागा मी घेणार नाही.

तुझी,
सत्यशीला


सांगली
२४ मे २००४

प्रिय शीला,

तुझं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. पाचव्या दिवशी शंभू चहा घेऊन आला तेव्हा म्हटलं, "शंभू, तू मला गेले नऊ महिने जे सुख देतोयस ना, ते बंद कर." तो घाबरला. श्रद्धा रडली. तिला वाटलं, तिचं काही चुकलं. तिला जवळ बसवून सांगितलं की चूक तिची नाही, माझी आहे, आणि उद्यापासून जेवणाचं ताट स्वयंपाकघरातच ठेवायचं. मी खाली येईन तेव्हा जेवेन.

पहिल्या दिवशी दीडच्या जेवणाला मी पावणेतीनला पोचले. आमटी गार झाली होती. शंभू तीनदा उठला, तीनदा मी त्याला खाली बसवलं.

डॉक्टर स्पष्ट बोलले. उशीर केलात, काटकोन होईल याची खात्री नाही, पण आहे त्यापेक्षा बरा होईल. नवी व्यायामवाली मुलगी येते. तिला मी अट घातली आहे, आधी बोल, मग वाकव. ती बोलते, मी किंचाळते, ती थांबत नाही, मी फटका मारत नाही. सदुसष्ट झाले.

मंडई अजून लांब आहे. हे खरं लिहिते आहे.

पाच जून जवळ आला. तुझ्या बाजूने कोण आहे तिथे? मी असते तर विणकाम घेऊन आले असते.

तुझी,
वासंती


सदाशिव पेठ, पुणे
६ जून २००४

प्रिय वासंती,

वरचा पत्ता नीट वाच. पण घाईने आनंद मानू नकोस, आधी ऐक.

काल शनिवार. रोहनने गाडीतून आणलं. दीपमाला सोबत होती. रोहन माझ्यामागे दोन पायऱ्या सोडून, पडले तर झेलायला. पहिला मजला ठीक गेला. दुसऱ्या मजल्याच्या आधी डाव्या गुडघ्याने मान टाकली. छत्तिसाव्या पायरीला, दुसऱ्या मजल्यावर, मी कठड्याला धरून उभी राहिले आणि पुढचा पाय उचलेना. उचलेच ना. घाम डोळ्यांत जात होता. अठरा पायऱ्या राहिल्या होत्या.

रोहन हळूच म्हणाला, "आई, बास. खूप केलंस. पण ठरलं होतं ना?" त्याच्या आवाजात इतकी माया होती की मी त्याच क्षणी मोडले असते. तुझ्या घरच्यांनी तुला अशाच आवाजात मोडलं असणार.

या क्षणाची तयारी मी केली होती. कल्याणीने शेवटच्या मंगळवारी विचारलं होतं, सगळं संपलं असं वाटेल तेव्हा नेमकं काय कराल? मी लिहिलं होतं, बसेन, कोणाकडे बघणार नाही, आणि पुढचं पुढे. म्हणून म्हटलं, "रोहन, स्टूल आण."

समोरचं दार उघडलं आणि विमलाबाई स्वतःच स्टूल घेऊन आल्या. एकोणऐंशीच्या मीटिंगमध्ये "आपल्यात चालेल का" हे यांनीच विचारलं होतं. आता त्याही ऐंशीच्या आहेत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा. पण वरच जा हो. तुमच्याशिवाय गच्चीची टाकी वाहू लागली की ओरडणारं कोणी नाही." पंचवीस वर्षांत त्या माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलल्या नव्हत्या.

मी बसले. तिथेच जिन्यावर गुडघा वाकवायचा, सरळ करायचा व्यायाम केला. रोहन घड्याळ बघत होता. म्हणाला, "आई, एका दमात असं ठरलं होतं." मी म्हटलं, "स्वतः चढायचं ठरलं होतं. किती दमांत, ते ठरलं नव्हतं. आणि ट्रंक कॉलसुद्धा तीन मिनिटांनी तोडायच्या आधी आम्ही विचारायचो, अजून वेळ हवाय का? मला हवाय." दीपमाला तोंड फिरवून हसली. मग ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि त्याला म्हणाली, "तूही बस. आज सुट्टी आहे."

एक तास वीस मिनिटं बसलो आम्ही. मग उठले. अठरा पायऱ्यांना पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक पायरीला दुखलं, आणि मी प्रत्येक पायरीला ओरडले, मुद्दाम, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. लाज गेली खड्ड्यात.

कुलूप मीच उघडलं. आत तीन महिन्यांची धूळ होती. खुर्ची पुसून बसले. रोहनचा चेहरा असा झाला होता की मला त्याची दया आली. तो हरला म्हणून नव्हे, त्याला खरोखर काळजी वाटत होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "आई, चढलीस खरी. पण आता उतरणार कशी?"

मी म्हटलं, "ते मी माझ्या घरात बसून ठरवीन. तू निघ आता, वारजेच्या रस्त्याला गर्दी लागेल."

तुझी,
सत्यशीला